आमच्याकडे तर चालतंय

प्रोग्रामरला अडचणीत आणणारा फोन आला की त्याच्या तोंडून हमखास निघणारं वाक्य म्हणजे ‘आमच्याकडे तर चालतंय.’ २००९च्या गाळप हंगामात एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उभं राहून मी ते चांगलं ठणकावून म्हणालो होतो.

काट्याचं सॉफ्टवेअर माझंच, व्हिज्युअल सी++ २००५ मधलं. पावतीत किरकोळ बदल करून नवी एक्झी दिली. ऑफिसातल्या संगणकांवर ती चालली, काट्यावरच्या एक्सपीवर उघडेना. ‘कॉन्फिगरेशन चुकीचं आहे, पुन्हा इन्स्टॉल केल्यास कदाचित दुरुस्त होईल,’ एवढाच निरोप. मी निमूटपणे पुन्हा इन्स्टॉल करत राहिलो. काटा क्लार्क म्हणाला, ‘साहेब, जुनं तर चालत होतं.’ सगळं उत्तर त्या वाक्यात होतं. मी मात्र त्याच्या पेनड्राइव्हकडे बोट दाखवून ‘व्हायरस’ असं निदान केलं आणि मशीन फॉरमॅट केलं. वाहनांची यादी त्यातच होती, ती गेली. एक्झी तरीही उघडली नाही.

गेटबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागली, पावत्या हाताने लिहिल्या गेल्या. तोडलेला ऊस उन्हात थांबला की वजन घटतं. ते नुकसान शेतकऱ्याचं. माझं बिल तेवढंच राहिलं.

रात्री एक्झी नोटपॅडमध्ये उघडली. चौकोनी-वाकड्या चिन्हांच्या ढिगाऱ्याखाली, अगदी तळाशी, वाचता येण्याजोगा मॅनिफेस्ट होता. त्यात मागितलेली सी रनटाइमची आवृत्ती ८.०.५०७२७.४०५३. काट्यावर माझ्या जुन्या सेटअपमधून आलेली ८.०.५०७२७.७६२ होती. जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टचा एटीएल या लायब्ररीसाठीचा सुरक्षा अपडेट माझ्या मशीनवर आपोआप बसला होता. कोडची ओळ न बदलताही त्यानंतरची प्रत्येक एक्झी नवी रनटाइम मागणार होती. ऑफिसातली मशीनं नेटला जोडलेली, त्यांना ती मिळाली होती. काट्याला नेटच नव्हतं. नव्या रनटाइमचं काही एमबींचं रीडिस्ट्रिब्युटेबल टाकलं आणि प्रोग्राम सुरू झाला. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘साइडबायसाइड’ नावाखाली ही तक्रार प्रत्येक वेळी नोंदली जात होती. मी तिथे डोकावलोच नव्हतो.

हल्ली नेट कधीच न पाहिलेल्या एका जुनाट मशीनवर चालल्याशिवाय माझी एक्झी बाहेर जात नाही.

त्या वेळी मॅनेजरला मी ‘सिस्टिम अपडेट केली’ एवढंच सांगितलं. तोवर पेनड्राइव्हपायी क्लार्कला मेमो मिळाला होता. तो मागे घ्या, चूक माझी होती, हे सांगायला मी गेलो तेव्हा हंगाम संपला होता.