हर्णैच्या वाळूवर

देवळ्याच्या माणसानें समुद्राशीं ओळख ठेवण्याचें कांहीं कारण नाहीं. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरींतलें, आणि तेंही चैत्रांत तळाला गेलेलें. त्यामुळें 2012 सालच्या डिसेंबरांत मुंबईच्या एका स्नेह्यानें आपल्या शिडाच्या नौकेंतून हर्णैस येण्याचें आमंत्रण दिलें, तेव्हां घरांत विरोध झाला. आणि विरोध झाला म्हणूनच आम्ही निघालों, असें म्हटलें तरी चालेल.

मुंबईहून हर्णै सुमारें 70 सागरी मैल. थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीवरून मतलई वाहते, दुपारीं वारा समुद्रावरून फिरतो. या दोहोंच्या मेळानें दक्षिणेकडे जाणें सोपें. खांदेरी-उंदेरी मागें पडलीं, मुरुडास रात्र काढली, बाणकोटची खाडी ओलांडली, आणि दुसऱ्या दिवशीं उन्हें कलतां सुवर्णदुर्गाचा तट दिसूं लागला. (वाटेंत आमच्या पोटाची झालेली अवस्था वाचकांस सांगण्याजोगी नाहीं.) 1755 सालीं पेशवे व इंग्रज यांनीं मिळून तुळाजी आंग्र्यांकडून घेतलेला हा किल्ला आतां ओस आहे. त्याच्या आडोशास हर्णैचें बंदर. मुंबईच्या आगबोटी येथें लागत व उतारू लहान होड्यांतून किनाऱ्यास येत. त्या बोटी बंद झाल्या, मासळीचा व्यापार तेवढा राहिला.

किनाऱ्यावर पाय ठेवतांच प्रथम दिसले ते बैल. खाऱ्या पाण्यांत पोटापर्यंत उभे राहून ते शांतपणें रवंथ करीत होते, आणि होड्यांतली मासळी त्यांच्या गाड्यांत भरली जात होती. चार दिवसांत पहिल्यांदाच आम्हांस ओळखीचें कांहीं भेटलें.

पुढें वाळूवर लिलाव चालला होता. पापलेट, सुरमई, कोळंबी यांचे ढीग, भोंवतीं घेणाऱ्यांचें कडें, मध्यें बोली पुकारणारा. ज्यानें मासळी आणली तो तांडेल मात्र कड्याबाहेर समुद्राकडे तोंड करून उभा होता. बोली थांबली तेव्हां त्यानें नुसती मान हलविली.

ही मान आम्हीं पूर्वीं पाहिली होती. कॉलेजांत असतांना एकदां वडिलांबरोबर कांद्याची गाडी घेऊन बाजारांत गेलों होतों. व्यापाऱ्यानें मूठभर कांदे चोळून पाहिले, भाव बोलला आणि पुढच्या गाडीकडे गेलाही. वडील दुसरीकडेच पाहत होते. परततांना आम्हीं जरा रागानेंच विचारलें, "तुम्ही कांहीं बोललां कां नाहीं?" ते म्हणाले, "बोलून भाव वाढत असता तर मी गप्प बसलों असतों का रे?" त्या दिवशीं आम्हांस त्यांची लाज वाटली होती. तरी उन्हाळ कांद्याला चाळींत चार-पांच महिने भावाची वाट पाहतां येते. मासळीला बर्फ मिळाला तरी किती दिवस?

असें असून आम्हीं काय केलें? कड्याबाहेर एक म्हातारी टोपलींत दोन सुरमया घेऊन बसली होती. एकीचे तिनें पांचशें सांगितले. बाजार कसा करावा हें स्नेह्यास दाखविण्याच्या भरांत आम्ही उठून चालूं लागलों, परत आलों, पुन्हां उठलों, आणि साडेतीनशेंस ती घेतली. पैसे घेतांना म्हातारी आमच्याकडे पाहत नव्हती. नौकेवर सर्वांनीं आमची तारीफ केली. रात्रीं नांगरलेली नौका हलत होती, आणि झोंप न येण्याचें खापर आम्हीं तिच्यावर फोडलें.

सकाळीं पुन्हां होडींतून किनाऱ्यास गेलों. म्हातारी त्याच जागीं बसलेली. "मावशी, काल दीडशें कमी दिले," असें म्हणून नोटा पुढें केल्या. तिला आधीं ओळखच पटेना. पटल्यावर ती हंसली. "दादा, काल सौदा झाला, तो झाला. उद्यां मी जास्तीचे मागायला तुमच्या गांवीं येऊं का?"

आम्हीं आग्रह धरला, तेव्हां तिनें नोटा घेतल्या आणि टोपलींतले सहा बांगडे मोजून आमच्या पिशवींत टाकले. "आतां कोणाचें कांहीं राहिलें नाहीं," ती म्हणाली, आणि शेजारच्या गिऱ्हाइकाकडे वळली. बांगडे साफ कसे करावयाचे हें आम्हां देवळेकरांस ठाऊक नव्हतें. तें काम स्नेह्यानें केलें.