खोलायचं कसं, जोडायचं कसं



हरसूल भागात पालकभेटीला गेलं की एक वाक्य हमखास कानावर येतं. "गुरुजी, पोरगं पुस्तकात रमत नाही. गॅरेजवर बसवलं तर निदान हाताला काम तरी लागेल." या बोलण्यात राग नसतो, काळजी असते. भात-नागलीची कामं आटोपली की इथली अनेक कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात. अशा घरात पोराच्या हातात कसब असावं असं वाटणं साहजिकच आहे. पण त्यासाठी गॅरेज आणि शाळा यातलं एकच निवडायला हवं का?

माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. निबंध म्हटला की तीन ओळींवर थांबायचा. 'पावसाळा' तीन ओळी, 'माझा आवडता सण' तीन ओळी. एका सोमवारी मधल्या सुट्टीत मात्र तो हातवारे करून काहीतरी सांगत होता आणि आठ-दहा पोरं गप्प बसून ऐकत होती. विषय होता मामाच्या जीपची क्लचप्लेट. घाट चढताना इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी ओढायची नाही. रविवारी मिस्तरींनी प्लेट बदलली, ती यानं शेजारी बसून पाहिली होती. मी म्हणालो, "अरे, हेच वहीत लिही. जसं सांगतोस तसंच."

त्यानं दोन पानं लिहिली. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, पण क्रम एकदम पक्का होता.

आधी बॅटरीची वायर काढायची. गाडी उचलून घोडीवर ठेवायची, नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. मग मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब शाफ्ट काढायचा. पण पाना लावण्याआधी मिस्तरींनी शाफ्टवर आणि तो जिथे जोडलेला असतो त्या फ्लँजवर मिळून रंगाची एक रेघ मारली. का? शाफ्ट परत त्याच जागी बसावा म्हणून. तो फिरून बसला तर गाडी वेगात थरथरू शकते. मग गिअरबॉक्स जॅकवर तोलून मागे सरकवायचा. प्रेशर प्लेटचे बोल्ट एकेक पूर्ण खोलायचे नाहीत. समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत जायचं, नाहीतर प्लेट वाकडी होते.

जोडतानाचा भाग त्यानं वेगळा लिहिला होता. क्लचप्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे येते ते पाहायचं, उलटी बसवायची नाही. ती बरोबर मधोमध यावी म्हणून जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट आत घालून ठेवायचा आणि मगच बोल्ट आवळायचे, तेही समोरासमोर. गिअरबॉक्सचं वजन प्लेटवर लटकू द्यायचं नाही. शेवटी त्याचं वाक्य होतं: "गिअरबॉक्स आत जात नसेल तर बोल्टने ओढायचा नाही. कान तुटतो. परत मागे घेऊन कुठे अडलं ते बघायचं."

मराठी विषयात आपण ज्याला कृतीचं वर्णन म्हणतो ते याहून वेगळं काय असतं? आधी, मग, नाहीतर, म्हणून, तोपर्यंत. एरवी फळ्यावर लिहून घोकून घ्यावे लागणारे हे शब्द त्याच्या लिखाणात आपसूक आले. त्यांच्यावाचून त्याला काम सांगताच येत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्यानं मामाच्या मोबाइलवर पाहिलेली एक लाल गाडी वर्गात आणली, म्हणजे तिचं चित्र काढून आणलं. माझदा एमएक्स-5. 1989 साली आलेली दोन माणसांची हलकी स्पोर्ट्स कार, पहिल्या मॉडेलचं वजन हजार किलोच्या आत. "सर, हिचंपण इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. आपल्या जीपसारखंच!" बरोबर होतं. क्लच, गिअरबॉक्स, शाफ्ट, डिफरन्शियल हीच साखळी. फरक इतकाच की या गाडीत गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत अ‍ॅल्युमिनियमची एक लांब चौकट असते. गिअरबॉक्स उतरवायचा तर ती आधी काढावी लागते आणि परत जोडताना उंची मोजून बसवावी लागते. हे कळल्यावर त्यानं स्वतःहून विचारलं, "मिलिमीटर कसं मोजायचं?" त्या दिवशी गणिताचा तासही गाडीवरच झाला.

मग मी त्याच्या वडिलांना भेटलो. परीक्षा झाली की पोराला गॅरेजवर ठेवायचं त्यांच्या मनात होतं. मी वही वाचून दाखवली. ते मध्येच म्हणाले, "हे यानं लिहिलं?" मी म्हणालो, "हो दादा. आता एक ऐका. बघायला बसणं वेगळं आणि कामाला लावणं वेगळं. चौदा वर्षांखालच्या मुलाला गॅरेजात कामाला ठेवणं कायद्यानं गुन्हा आहे. आणि आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड असतो, त्याला दहावी पास लागते. आज शाळा सुटली तर त्याच्याच आवडीचं दार बंद होईल." ते बराच वेळ वही चाळत राहिले. मुलगा यंदा आठवीत आहे. दहावीपर्यंतची वाट अजून लांब आहे, आणि बागांच्या हंगामात त्याला मागे कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न दरवर्षी नव्यानं सोडवावा लागणार आहे.

शिक्षकांना एक विनंती. महिन्यातून एकदा निबंधाचा विषय मुलांच्या घरातल्या कामातून द्या. आवणी, भाकरी, जाळं विणणं, पंक्चर, काहीही. अट एकच: वाचणाऱ्याला ते काम तसंच करता आलं पाहिजे. पालकांनाही सांगणं आहे की मूल काही खोलत असेल तर लगेच ओरडू नका. "कोणता भाग आधी काढलास? परत कसा बसवशील?" एवढं विचारा, आणि हातात कागद द्या.

आणि एखादं मूल अभ्यासात अडलं, तर मिस्तरींची रीत लक्षात ठेवा. बोल्टने ओढू नका. थोडं मागे घ्या आणि कुठे अडलंय ते बघा.