तिसरा बार

आबांची बंदूक दुनळी होती, बारा बोअरची. दोन नळ्या, दोन बार. मोडायची, काडतुसं आत सारायची, मिटायची. यापलीकडे तिच्यात समजून घेण्यासारखं काही नव्हतं. नांदूर मध्यमेश्वरला थंडीत उतरणारी थापट्या आणि तलवार बदकं त्यांनी तिनं पाडली होती. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि आबांनी शिकार सोडली. माझ्या वाट्याला आलं ते परवान्याचं नूतनीकरण, निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करणं आणि दसऱ्याला तिला झेंडूची माळ घालणं.

पुढे नोकरीनं मेरिलँडला आणून टाकलं. चेसापीक खाडीच्या पूर्व किनाऱ्यावर बदकं आणि हंस मारणं हा परवाना काढून, मोसम पाळून करायचा रीतसर उद्योग आहे. दरवर्षी पंचवीस डॉलरचं सरकारी तिकीट घ्यावं लागतं. हे तिकीट १९३४मध्ये निघालं आणि पहिल्यावरचं चित्र डिंग डार्लिंग या व्यंगचित्रकारानं काढलं होतं. तिकिटाचा पैसा पाणथळ जागा राखायला जातो. शिकाऱ्यांच्या खिशातून तळी वाचतात, हे पचायला मला वेळ लागला.

शेजाऱ्याकडे त्याच्या वडिलांची ब्राउनिंग ऑटो-५ होती, पाठीला कुबड असलेली. जॉन ब्राउनिंगनं १९००मध्ये तिचं पेटंट घेतलं. बार उडाला की अख्खी नळीच मागे सरकते, रिकामं काडतूस बाहेर फेकते आणि नवं आत घेते. नावातले पाच म्हणजे पाच बार. पण त्यानं ती खोलून दाखवली, तर नळीखालच्या पोकळीत एक लाकडी दांडकं! १९३५पासून स्थलांतरी पक्ष्यांवर तीनच काडतुसांची मुभा आहे, म्हणून जागा अडवायला ते घातलेलं. म्हणजे एवढी सगळी यंत्रणा कशासाठी, तर आबांच्या दुनळीपेक्षा एक बार जास्त.

माझी आपोआप भरणारी बंदूक घ्यायची वेळ आली तेव्हा दुकानात दोन पंथ होते. एक गॅसचा: नळीतल्या धुराचा थोडा दाब दट्ट्याला देऊन बोल्ट मागे ढकलायचा. खांद्याला धक्का कमी, पण आत काजळी धरते. दुसरा बेनेली कंपनीवाल्यांचा: बंदूक मागे येते, बोल्ट जडत्वानं जागीच राहतो, मधली स्प्रिंग दाबली जाते आणि मग तीच त्याला मागे फेकते. ही बंदूक हलकी नि स्वच्छ, पण खांदा शेकून काढते. मी गॅसची घेतली. काजळी पुसता येते, खांदा बदलता येत नाही.

साडेतीन इंची काडतुसाचा आग्रह मात्र मी मानला नाही. १९९१पासून इथे पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे बंद आहेत. चिखलात पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळत आणि विषबाधेनं मरत. ती बदकं खाऊन गरुडही. पोलादी छर्रे हलके, वेग लवकर गमावतात, म्हणून मोठं काडतूस घ्या, असं दुकानदाराचं म्हणणं. मी तीन इंचीवर थांबलो, छर्रे जरा जाड घेतले आणि पक्षी जवळ येईपर्यंत थांबायचं ठरवलं. शेजाऱ्याच्या त्या जुन्या नळीला तर पोलाद सोसतही नाही; तो महागडं बिस्मथ वापरतो.

तिसरा बार उडत्या पक्ष्यावर क्वचितच लागतो, तोवर तो टप्प्याबाहेर गेलेला असतो. माझ्या लेखी त्याचा खरा उपयोग एकच: पाण्यावर पडून तडफडणारं बदक लगेच संपवणं. हे दुकानात कुणी सांगत नाही.

आता मुलीला स्वतःची हवी आहे. ती डावखुरी. दुनळीला उजवं-डावं नसतं. पण आपोआप भरणाऱ्या बंदुका रिकामं काडतूस उजवीकडे, म्हणजे तिच्या नाकासमोरून फेकतात. डाव्या हाताची मॉडेलं मोजकीच, त्यात तिला वीस बोअर हवी, बारा नको. ‘‘बाबा, तुमचा खांदा तुम्ही सांभाळा,’’ म्हणाली, आणि दुकानदाराशी परस्पर घासाघीस सुरू केली.