शेऱ्याचा रकाना

अण्णांना मी माझे गुरू म्हणतो, हे त्यांना आवडायचं नाही. पाटण तालुक्यातले, सरकारी खात्यात धरणावरच्या यंत्रांची रीडिंगं घेण्यात नोकरी काढलेले आणि निवृत्तीनंतर आमच्या साइटवर आलेले. ठेकेदाराच्या हजेरीपटावर त्यांची नोंद वॉचमन अशी होती.

सह्याद्रीतल्या एका घाटरस्त्याचं रुंदीकरण चालू होतं. ती साइट पुण्यातल्या ऑफिसात बसून दिसावी, ही माझी जबाबदारी. सोलरवर चालणारे कॅमेरे बसवले, दर दहा मिनिटांना एक फोटो. कापलेल्या कड्यावर प्रिझम, खाली त्या प्रिझमची जागा मोजणारं टोटल स्टेशन, एक पर्जन्यमापक आणि उताराचं आतलं सरकणं मोजण्यासाठी खोल उतरवलेल्या इन्क्लिनोमीटरच्या नळ्या. मोबाइलची रेंज येईल तेव्हा हे सगळं पुण्यात पोचायचं.

अण्णांकडे लांबट वही होती. तारीख, वेळ, रीडिंग आणि शेवटी सगळ्यांत रुंद रकाना शेऱ्याचा. ‘काल दुपारी सुरुंग.’ ‘डंपर प्रिझमच्या खांबाला घासून गेला.’ ‘रात्रभर पाऊस, ओढा गढूळ.’ हे कशाला लिहिता, असं मी विचारलं.

‘‘साहेब, नुसता आकडा घेऊन काय करणार? त्या दिवशी काय काय झालं ते लिवा, मग त्याचा अर्थ लागतो.’’

इन्क्लिनोमीटर मी कॉलेजात शिकलो होतो, पण हात बसला तो अण्णांमुळे. नळीच्या आतल्या खाचांतून प्रोब तळाशी सोडायचा आणि दर अर्ध्या मीटरला थांबत वर आणायचा. मग तोच प्रोब उलटा फिरवून पुन्हा सगळं. दोन्ही फेऱ्यांची बेरीज प्रत्येक खोलीला जवळपास सारखी यायला हवी. नाही आली तर चूक उताराची नसते, आपल्या हाताची किंवा प्रोबची असते. शिवाय नळीचा तळ न हलणाऱ्या खडकात रुतलेला पाहिजे, कारण सरकणं मोजायचं ते तळापासून. प्रोब खाली गेल्यावर तिथल्या तापमानाशी जुळेपर्यंत अण्णा बिडी ओढत बसायचे. घाई केली की ‘‘त्याला जरा निवू द्या’’ म्हणायचे.

कॅमेऱ्यांशी त्यांचं वैर नव्हतं. रात्री इन्फ्रारेड दिव्याकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि पुण्यातल्या पडद्यावर डोंगराऐवजी चकाकणारं जाळं दिसतं. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत यावर अक्षर नव्हतं. अण्णांनी दिवा कॅमेऱ्यापासून लांब, वेगळ्या खांबावर लावायला लावला. लेव्हलिंगचा एक जुना स्टाफ, म्हणजे आकडे आखलेली उंच पट्टी, कड्याच्या पायथ्याशी, फोटोत येईल अशी पक्की रोवली. त्यामुळे दगडमातीचा ढीग कुठवर चढला, हे फोटोवरूनच वाचता येऊ लागलं. नुसतं चित्र होतं, त्याचं रीडिंग झालं. फोटोचं खरं काम आकड्याला शेरा पुरवण्याचं, हे मला तेव्हा कळलं. आजही एखादं प्रिझम अचानक हललेलं दिसलं, की आधी मी त्या वेळचा फोटो उघडून पाहतो.

अण्णांचं बालपण कोयनानगरचं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा ते शाळकरी होते. पडलेल्या घरांबद्दल ते फारसं बोलत नसत. कोयना धरणाच्या आतल्या यंत्राबद्दल मात्र तासभर सांगत. गॅलरीतल्या त्या यंत्रानं जमिनीचं हादरणं नोंदवलं होतं. धरणाच्या लांबीच्या दिशेनं ते गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट भरलं. धरणाचा आराखडा करताना धरलेला भूकंपाचा गुणांक होता ०.०५. १०३ मीटर उंचीच्या त्या धरणाला वरच्या भागात भेगा पडल्या, पण धरण उभं राहिलं आणि पुढे त्याला टेकू देऊन ते भक्कम केलं गेलं. भूकंपात धरणं कशी वागतात हे तपासायला तो आलेख जगभर वापरला जातो. अण्णांचा मुद्दा साधा होता : ते यंत्र चालू होतं, कारण कुणीतरी ते चालू ठेवलं होतं.

एका जुलैत धुक्यानं कॅमेरे पांढरे पडले. ऊन नाही म्हणून बॅटऱ्याही मंदावल्या. पुण्याच्या पडद्यावर भिंतीसारखा कोरा पांढरा रंग. अण्णा छत्री आणि प्रोब घेऊन रोज वर जात होते. एका नळीत ठरावीक खोलीवर, रोज एकाच दिशेला, थोडं थोडं सरकणं दिसत होतं आणि शेऱ्यात त्याच्या शेजारी पावसाचे आकडे होते. त्यांनी फोन केला. खालचं काम थांबवलं, उतारात आडवी भोकं पाडून पाणी काढलं. सरकणं मंदावलं आणि मग थांबलं. दरड आली नाही, त्यामुळे त्या प्रसंगाची कुठलीही चित्रफीत नाही. उद्घाटनाला दाखवलेल्या टाइमलॅप्समध्ये तो महिना गाळलेला आहे.

अण्णांचा पगार वॉचमनचाच राहिला. मी त्यासाठी भांडलो. टेंडरमध्ये तसं पद नाही, असं उत्तर मिळालं. कॅमेरे किती, किती मेगापिक्सेलचे, हे मात्र त्यात पानभर होतं.

दूरच्या साइटवर देखरेखीची टेंडरं लिहिणाऱ्यांना म्हणून विनंती आहे. कॅमेऱ्यांच्या यादीखाली रोज रीडिंग घेऊन शेरा लिहिणाऱ्या माणसाचं पद घाला आणि त्याच्यापुढे पगाराचा आकडा लिहा.