पिकअपचे स्टेअरिंग ऑइल आणि फिल्टर

कांद्याच्या गोण्या, सिमेंट किंवा दुधाचे कॅन वाहणाऱ्या पिकअपचे स्टेअरिंग ज्या तेलामुळे हलके फिरते, ते तेल जेमतेम एक लिटरच्या आसपास असते. इंजिन ऑइल कधी बदलायचे हे मालकाच्या डोक्यात पक्के असते, डिझेल फिल्टरची आठवण गाडीच करून देते. स्टेअरिंगच्या तेलाकडे मात्र पंप ओरडू लागेपर्यंत बहुधा कोणी पाहत नाही. तेल थोडे, म्हणून त्यातली घाणही चटकन दाट होते आणि उष्णताही चटकन चढते. त्यामुळे कोणते तेल घालायचे आणि ते गाळायचे कसे, या दोन प्रश्नांकडे नीट लक्ष द्यायला हवे.

पहिली गोष्ट, गाडीत हे तेल आहे की नाही ते पाहणे. टाटा इंट्राच्या काही मॉडेलांसारख्या छोट्या मालवाहू गाड्यांत स्टेअरिंगला विजेची मोटर मदत करते. तिथे ना टाकी, ना पंप, ना तेल. बोलेरो पिकअप किंवा हायलक्ससारख्या गाड्यांत बहुधा हायड्रॉलिक स्टेअरिंग असते. बॉनेट उघडल्यावर पट्ट्यावर चालणारा पंप, त्याच्या डोक्यावर किंवा शेजारी छोटी टाकी आणि तिच्यातून निघालेले होज दिसले, की हा लेख त्या गाडीचा.

हलक्या स्टेअरिंगची गरज मुळात मालवाहू गाड्यांनीच निर्माण केली. अमेरिकेतील पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात काम केलेल्या फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने १९२६ मध्ये हायड्रॉलिक स्टेअरिंग गाडीवर चालवून दाखवले. दुसऱ्या महायुद्धात ते जड लष्करी वाहनांवर बसले आणि १९५१ मध्ये क्रायस्लरने ते प्रवासी मोटारीत विकायला आणले. आज त्याचा मोठा उद्योग महाराष्ट्रातही आहे. पुणे जिल्ह्यातील वढू बुद्रुक येथे अवजड गाड्यांचे स्टेअरिंग बॉक्स तयार होतात.

या यंत्रणेत तेलाला चार कामे असतात. पंपाने दिलेला दाब स्टेअरिंग बॉक्सपर्यंत नेणे, पंपाच्या फिरत्या भागांना वंगण देणे, तयार झालेली उष्णता वाहून नेणे आणि रबरी सील मऊ पण घट्ट ठेवणे. पंपात रोटरच्या खाचांत बसवलेल्या पातळ पाती लंबगोल कड्याच्या आतल्या अंगाला घासत फिरतात. स्टेअरिंग बॉक्सच्या तोंडाशी एक व्हॉल्व्ह असतो. चालकाने चाक वळवले की आतली बारीक सळई किंचित पिळली जाते, व्हॉल्व्ह तेवढाच उघडतो आणि दाबाचे तेल पिस्टनच्या योग्य बाजूला जाते. व्हॉल्व्हचे दोन भाग इतके जवळ बसलेले असतात की त्यांच्यातली फट मायक्रॉनमध्ये मोजावी लागते. नजरेला न दिसणारा कणही तिथे ओरखडा पाडू शकतो.

रस्ता सरळ असताना या तेलावर फारसा दाब नसतो. खरा ताण येतो तो बाजार समितीच्या आवारात. भरलेली गाडी जागच्या जागी, डांबरावर किंवा फरशीवर टायर घासत, चाके पूर्ण वळवून मागे घेतली जाते तेव्हा दाब ७० ते १०० बारपर्यंत चढू शकतो. चाक शेवटच्या टोकाला टेकल्यावरही चालकाने जोर लावून धरले, तर पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि पंपाची सगळी ताकद उष्णतेत जाते. १०० बार दाबाने मिनिटाला सात लिटर तेल फिरत असेल, तर ही उष्णता सव्वा किलोवॅटच्या जवळ जाते, म्हणजे घरातल्या इस्त्रीपेक्षा जास्त. एवढी उष्णता एका लिटर तेलात कोंडली, तर दहा सेकंदांत त्याचे तापमान सात अंशांच्या आसपास वाढते. म्हणून चाक टोकाला पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त धरू नये. टोकाला टेकले की किंचित मागे सोडावे. पंप वाचवण्याचा हा बिनखर्चाचा उपाय आहे.

तेलाची निवड टाकीच्या झाकणावरून सुरू होते. झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत तेलाचा दर्जा लिहिलेला असतो आणि तोच अंतिम मानावा. आपल्याकडच्या पिकअपांत बहुधा एटीएफ, म्हणजे मुळात ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी तयार झालेले लाल तेल मागितलेले असते. हायलक्सच्या अनेक पिढ्यांच्या पुस्तिकांत डेक्सरॉन २ किंवा ३ असा स्पष्ट उल्लेख आहे. होंडा आपल्या मोटारींसाठी वेगळे तेल मागते. काही युरोपीय गाड्यांना पेंटोसिन सीएचएफसारखे हिरवट तेल लागते. एकाच्या टाकीतले तेल दुसऱ्याला चालेल असे गृहीत धरता येत नाही, कारण पंपाची रचना आणि सीलचे रबर त्या त्या तेलाबरोबर तपासलेले असते.

डेक्सरॉन हे जनरल मोटर्सचे मानक. त्याचा तिसरा दर्जा १९९३ मध्ये आला आणि त्याचे परवाने २००६ च्या अखेरीस संपले. सहावा दर्जा त्याच सुमारास त्याच्या जागी आला. त्यामुळे आज दुकानात 'डेक्सरॉन ३' लिहिलेला डबा मिळतो तेव्हा त्यामागे जनरल मोटर्सची तपासणी उरलेली नसते. ते तेल त्या दर्जाचे आहे, ही हमी फक्त डबा भरणाऱ्याची असते. म्हणून इथे नाव महत्त्वाचे ठरते. ओळखीच्या तेल कंपनीचा, सील शाबूत असलेला, बॅच आणि तारीख छापलेला डबा घ्यावा. पिंपातून सुटे मोजून दिलेले लाल तेल कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. गाडीला लागते एक लिटर, त्यात वाचणारे पैसे पंपाच्या किमतीपुढे नगण्य आहेत.

सहावा दर्जा नवा म्हणून आपोआप चांगला, असेही समजू नये. तो तिसऱ्यापेक्षा पातळ आहे. तिसऱ्या दर्जाचे तेल १०० अंश सेल्सिअसला दाटपणात साधारण सात सेंटिस्टोकचे असते, सहाव्यासाठी ६.४ ही वरची मर्यादा आहे. थंड प्रदेशात पातळ तेल सकाळी सहज वाहते, हा त्याचा गुण. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, झिजलेल्या जुन्या पंपात, तेच तेल पातीच्या कडेने जास्त निसटते आणि इंजिन मंद चालत असताना स्टेअरिंग जड लागते. गाडीच्या कंपनीने सहावा दर्जा मान्य केला असेल तरच तो घालावा.

उलट टोकाची चूक म्हणजे हाताशी आहे म्हणून २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल ओतणे. रस्त्यावर होज फुटला तर गॅरेजपर्यंत पोचण्यासाठी असे केले जाते. हे तेल गरम असतानाही एटीएफच्या जवळपास दुप्पट दाट असते. सकाळी पंपाला ते ओढवत नाही, पंप हवा ओढतो, घूंऽऽ असा आवाज येतो आणि तेलात फेस धरतो. नाइलाजाने घातलेच, तर त्याच दिवशी सगळे काढून योग्य तेल भरावे.

याहून घातक चूक ब्रेक ऑइलची. दोन्ही टाक्या अनेक गाड्यांत जवळजवळ असतात. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचे असते. स्टेअरिंगचे सील ज्या नायट्राइल रबराचे असतात, ते ग्लायकॉलने बिघडते. उलट एटीएफ चुकून ब्रेकच्या टाकीत गेले, तर तिथले वेगळ्या जातीचे रबर फुगते आणि ब्रेक अडकून बसतात. चूक लक्षात आली की इंजिन सुरू करू नये, टाकी रिकामी करून धुवावी. यंत्रणेत तेल फिरून गेले असेल, तर सील बदलण्याची तयारी ठेवावी. ब्रेकच्या बाबतीत तर यात तडजोडीला जागाच नाही.

रंगावर भिस्त ठेवू नये. एटीएफमध्ये लाल रंग मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कुठली ते कळावे म्हणून. तो दर्जाचा पुरावा नव्हे. वापरलेल्या तेलाचा रंग मात्र बरेच सांगतो. झाकणाच्या काडीवरचा थेंब पांढऱ्या सुती कापडावर सोडावा. लालसर, स्वच्छ डाग पसरला तर तेल अजून चालेल. तपकिरी रंग आणि करपट वास म्हणजे तेल तापून संपले. मध्ये काळे बारीक कण उरले तर होज किंवा सील आतून सुटू लागले आहेत. उन्हात धरल्यावर चकाकणारे कण दिसले, तर पंप झिजतो आहे. गुलाबी, दुधाळ तेल म्हणजे त्यात हवा किंवा पाणी शिरले आहे. कापडावरचा डाग काही मिनिटे पसरू द्यावा आणि मगच निर्णय घ्यावा.

हे कण अडवण्याची सोय बहुतेक पिकअपांत अगदी जुजबी असते. टाकीच्या तळाशी नायलॉनची जाळी असते, ती खपल्या आणि मोठे कण धरते, बारीक लोखंडी भुगा तिच्यातून आरपार जातो. मोठ्या ट्रकांच्या टाकीत कागदी फिल्टर असतो आणि तो ठरावीक अंतराला बदलला जातो. पिकअपला तो नसल्याने बाहेरून फिल्टर बसवावा का, हा प्रश्न येतो. सगळे मूळचे आणि तेल स्वच्छ असेल तर गरज नाही, वेळेवर तेल बदलणे पुरते. पंप किंवा बॉक्स फुटून नवा बसवला असेल, तर मात्र बसवावा. जुन्या पंपाचा भुगा बॉक्समध्ये आणि पाइपांत उरलेला असतो, तो नव्या पंपात जातो आणि काही महिन्यांत तोही ओरडू लागतो. दोष नव्या पंपाला दिला जातो, कारण मात्र जुन्या घाणीत असते.

फिल्टर बसवायचा तो परतीच्या होजवर, म्हणजे बॉक्सकडून टाकीकडे तेल परत आणणाऱ्या नळीवर. तिथे दाब कमी असतो. पंपाकडून बॉक्सकडे जाणाऱ्या दाबाच्या नळीवर तो फुटेल, गरम तेल इंजिनवर उडेल आणि आग लागू शकेल. टाकी आणि पंपाच्या मधल्या नळीवर बसवला तर पंपाची ओढ अडेल आणि तो हवा खाईल. फिल्टरवरचा बाण टाकीकडे असावा. आत चुंबक असलेला आणि चोंदल्यावर तेल बाजूने जाऊ देणारा बायपास व्हॉल्व्ह असलेला फिल्टर घ्यावा. तो एटीएफसाठी बनवलेला असावा. पेट्रोलचा प्लास्टिकचा फिल्टर इथे लावू नये. तो या उष्णतेसाठी बनलेला नसतो, आणि त्याचा बारीक कागद चोंदला की परतीचा दाब वाढून बॉक्सचे सील गळू लागते. होजचा आतला व्यास मोजूनच माप ठरवावे, तेल सोसणारा होज वापरावा, रेडिएटरचा तुकडा लावू नये, आणि सायलेन्सर व पंख्यापासून नळी दूर ठेवून दोन्ही बाजूंना चांगल्या क्लिपा घट्ट कराव्यात. नव्या पंपानंतरचा पहिला फिल्टर लवकर बदलावा, कारण सगळ्यात जास्त भुगा त्यातच येतो.

तेल बदलताना पुढची चाके जॅक देऊन उचलावीत आणि गाडी स्टँडवर टेकवावी. परतीचा होज टाकीवरून काढून बाटलीत सोडावा, टाकीचे उघडे तोंड बुचाने बंद करावे. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंगचे चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. जुने तेल बाटलीत येते, तसतसे टाकीत नवे ओतत राहावे. टाकी कोरडी पडू देऊ नये. बाटलीत स्वच्छ तेल येऊ लागले की होज जोडावा. पुन्हा इंजिन बंद ठेवूनच पंधरा-वीस वेळा चाक फिरवून हवा काढावी, मग इंजिन सुरू करावे. फेस दिसला तर इंजिन बंद करून तो बसेपर्यंत थांबावे. घाईत वारंवार सुरू केल्याने हवा तेलात आणखी मिसळते. पातळी झाकणाच्या काडीवरच्या गरम किंवा थंड यांपैकी योग्य खुणेला पाहावी, गरम तेल फुगते हे ध्यानात ठेवून. सिरिंजने टाकीतले तेवढेच तेल ओढून नवे भरण्याची पद्धत सोपी आहे, पण तिच्यात बॉक्स आणि नळ्यांतले जुने तेल आतच राहते. ती करायचीच तर काही दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा करावी. काढलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात किंवा शेताच्या बांधावर न टाकता वापरलेले तेल घेणाऱ्या अधिकृत केंद्राला द्यावे.

तेलाने सगळेच दुखणे बरे होत नाही. टायरमध्ये हवा कमी असली तरी स्टेअरिंग जड लागते. पट्टा सैल असला तर वळताना किंचाळतो. गळती थांबवणारी बाटलीतली औषधे सील फुगवून काही काळ वेळ मारून नेतात, फाटलेला सील जोडत नाहीत. पातळी वारंवार खाली जात असेल तर भर घालत बसण्याऐवजी गळती शोधावी. हे तेल आपोआप आटत नाही.

भरल्या पिकअपचे स्टेअरिंग घाटातल्या वळणावर अचानक जड झाले, तर चालकाच्या आणि समोरून येणाऱ्याच्या जिवाशी गाठ असते. म्हणून झाकणावर लिहिलेल्या दर्जाचेच, ओळखीच्या कंपनीचे तेल घ्यावे, महिन्यातून एकदा त्याचा थेंब कापडावर पाहावा, आणि फिल्टर लावायचा तर फक्त परतीच्या होजवर लावावा. प्रत्येक पिकअपमालकाने एवढे पाळावे.