ऐकणारा रंगमंच

1882 या सालावर माझं विशेष प्रेम आहे. त्या वर्षी जर्मनीतल्या बायरॉइट नावाच्या लहानशा गावी संगीतकार वाग्नरचा 'पार्सिफाल' हा ऑपेरा पहिल्यांदा रंगमंचावर आला, आणि त्याच वर्षी इकडे पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत सौभद्र'. तिकडे पाप, वेदना आणि करुणा यांची तासन् तास चालणारी आराधना. इकडे सुभद्रेच्या लग्नाची गोड लबाडी. दोन्ही नाटकं सुरांवर उभी. प्रेक्षकाला मात्र त्यांनी अगदी निरनिराळ्या जागी बसवलं.

वाग्नरनं बायरॉइटच्या आपल्या नाट्यगृहात काळोख केला. वाद्यवृंद रंगमंचाखालच्या खोल खड्ड्यात उतरवला आणि वर आच्छादन घातलं. वाजवणारे हात दिसेनात, सूर कुठून उगवतात ते कळेना. शेजाऱ्याचा चेहरा नाही, वादकाचा घाम नाही. समोर फक्त उजळलेलं स्वप्न. माणसाला नाटकात आकंठ बुडवण्याची ही युक्ती 1876 साली लाकूड, विटा आणि अंधार एवढ्यावर साधली होती. 'पार्सिफाल'च्या पहिल्या अंकानंतर टाळ्या वाजवायच्या नाहीत, असा रिवाजही तिथे पुढे पडला. फुलकन्यांच्या प्रवेशाला न राहवून 'ब्राव्हो' म्हणणाऱ्या खुद्द वाग्नरलाच लोकांनी गप्प केलं, अशी गोष्ट सांगतात.

2023 मध्ये त्याच नाट्यगृहात 'पार्सिफाल'च करताना दिग्दर्शक जे शाइब यांनी हा अंधार आणखी एक पाऊल पुढे नेला. ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीचा चष्मा चढवायचा. समोरचे गायक खरेच, पण त्यांच्याभोवती, आपल्या डोक्यावर, पायांशी फुलं तरंगू लागतात, पक्षी उडतात, शेवटच्या अंकात प्लॅस्टिकच्या पिशव्या भिरभिरतात. मान वळवावी तिकडे चित्र. सुमारे 1,900 खुर्च्यांच्या प्रेक्षागृहात चष्मे मात्र 330. पैशांवरून वाद झाला आणि बाकीच्यांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं.

मी हे सगळं लांबूनच वाचलं. मोह पडला, नाही कशाला म्हणू? नाटक पडद्याच्या चौकटीतून निसटून आपल्या मांडीवर येऊन बसावं, असं कुणाला वाटत नाही? पण मोहाच्या पाठोपाठ एक शंका आली आणि ती काही जाईना. डोळ्यांसमोरून काहीतरी सर्रकन गेलं आणि मी दचकलो, तर शेजारच्या बिनचष्म्याच्या गृहस्थांना ते कसं कळणार? आणि गाणाऱ्याला?

आपल्याकडे संगीत नाटकात ऑर्गन आणि तबला लपत नाहीत. ते समोर, साऱ्यांच्या देखत. तिसऱ्या घंटेआधी धुपाचा वास येतो, नांदी सुरू होते आणि अख्खं नाट्यगृह एकाच वेळी सावरून बसतं. पुढे एखादं पद चढू लागलं की मागच्या रांगेतून पहिली 'वाहवा' सुटते, एकटीच, जरा चुकार. गाणाऱ्याच्या कानावर ती पडते. मग तो ठरलेल्या जागी न थांबता सुराला आणखी एक वळसा देतो. तबलजी हसून मान हलवतो. समेवर दीडशे माना एकदम खाली येतात. त्यावर 'वन्स मोअर' आला की सुभद्रेचा शोक जागच्या जागी थांबतो, कथा ताटकळते आणि पद पुन्हा सुरू होतं. वास्तवाचा आभास पार मोडून पडतो, तरी नाटकात बुडायला त्याची आडकाठी होत नाही. आजचं नाटक कालच्याहून वीस मिनिटं लांबलं, तर ती वीस मिनिटं प्रेक्षकांनी लिहिलेली असतात.

यंत्रांना हे जमणारच नाही, असं मात्र नाही. 1996 मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये टॉड मॅकोव्हर यांनी 'ब्रेन ऑपेरा' केला. प्रेक्षकांनी आधी दालनात हिंडून हाताच्या हालचालीनं, आवाजानं, स्पर्शानं वाजणारी विचित्र वाद्यं हाताळायची. त्यांतून उमटलेले आवाज मग प्रयोगात मिसळायचे. शाइब आणि मॅकोव्हर, दोघेही एमआयटीतलेच प्राध्यापक. एकानं प्रेक्षकाला जास्त दाखवलं, दुसऱ्यानं त्याच्याकडून काही मागून घेतलं. माझं मन दुसऱ्याकडे झुकतं.

चष्म्याशी माझं भांडण नाही. संगीत नाटकाला त्यानं नवा प्रेक्षक मिळत असेल तर तो खुशाल यावा. पण माझी दाद गाणाऱ्यापर्यंत पोचवून त्याची पुढची तान बदलू शकेल असं एखादं यंत्र निघालं, तर त्याचं तिकीट कितीही महाग असो, मी रांगेत पहिला असेन.