मोठा सण कोणता?

नगर जिल्ह्यातल्या एका शाळेत मी शिकवत होते. स्टाफरूममध्ये ख्रिस्ती मी एकटीच. नाताळच्या सुमारास केक-करंज्यांचा डबा उघडला की प्रश्न सुरू व्हायचे. ‘बाई, हाच ना तुमचा सगळ्यात मोठा सण?’ मी सांगे, मोठा सण ईस्टर, येशूच्या पुनरुत्थानाचा. तो नेहमी रविवारीच येतो, त्यामुळे सुट्टी वेगळी मिळत नाही आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही. पण येशू मेलेल्यांतून उठला नसेल तर आमचा विश्वासच फोल, असं प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात साफ म्हटलं आहे.

मग वधस्तंभाचा विषय निघे. ‘देवाचा पुत्र होता, तर स्वतःला का नाही वाचवलं?’ हा टोमणा तेव्हा वधस्तंभाजवळ उभ्या असलेल्यांनीही मारला होता. आमची श्रद्धा अशी, की पापामुळे माणूस देवाला दुरावतो आणि ते अंतर स्वतःच्या पुण्याईनं त्याला कापता येत नाही. येशूनं आपल्यासाठी मरण पत्करलं. तारण ही देवाची कृपा. ती कमावता येत नाही.

इथं गणिताचे सर उसळायचे. ‘म्हणजे हवं ते करा नि शेवटी माफी मागा. सोपंय की!’ त्यांना मी उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली. लूकच्या शुभवर्तमानात, 15व्या अध्यायात आहे. धाकटा बापाच्या हयातीतच वाटणी मागतो, पैसा उडवतो, डुकरं राखायची पाळी येते तेव्हा घरी परततो. बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, मेजवानी घालतो. शेतावरून आलेला थोरला वाजंत्री ऐकून दाराबाहेरच रुसून बसतो. सर ताबडतोब थोरल्याच्या बाजूचे! ‘इतकी वर्षं राबला, त्याला साधं करडू नाही?’ सरांच्या घरीही तेव्हा वाटणीचा वाद चालू होता. त्यांचा राग मला रास्तच वाटला. गोष्टीतला बापही थोरल्याला झिडकारत नाही, त्याची समजूत काढायला बाहेर येतो. थोरला शेवटी आत गेला का, हे येशूनं सांगितलेलंच नाही. आणि ज्याला माफी मिळाली, त्यानं दुसऱ्यालाही माफ करायचं, हे प्रभूच्या प्रार्थनेतच आहे. सख्ख्या नात्यात ते करून पाहा, मग सोपं म्हणा.

पिता, पुत्र, पवित्र आत्मा म्हणजे तीन देव का, हा प्रश्न ठरलेला. देव एकच. त्यासाठी बर्फ, पाणी, वाफ हा दाखला देतात, पण तो मला पटत नाही. तेच पाणी एका वेळी एकाच रूपात असतं; येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी तिघंही एकदमच आहेत.

येशूची आई मरिया हिच्याबद्दलही विचारत. वसईचे कॅथलिक तिला फार मानतात, तिच्याकडे मध्यस्थी मागतात. आराधना मात्र देवाचीच. ते पोर्तुगीज काळापासूनचे, आम्ही 1831 साली नगरला आलेल्या अमेरिकन मिशनच्या परंपरेतले प्रोटेस्टंट. तरी मूळ श्रद्धा एकच: देव निर्माणकर्ता, येशू कुमारी मरियेपोटी जन्मला, रोमन सुभेदार पिलाताच्या काळात वधस्तंभावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला, न्याय करायला पुन्हा येईल.

कुणाला बायबल मुळातून वाचायचं असेल, तर उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करू नका. तसे बरेच जण लेवीयच्या नियमांपाशी थकतात. मार्कपासून करा. चार शुभवर्तमानांत तेच सगळ्यात लहान, 16 अध्यायांचं. एका दुपारी वाचून होतं.